माडावरची न्याहारी

तोआकाईचं गाणं त्या सकाळी मध्येच थांबलं, आणि खाली चुलीपाशी बसलेल्या आकेनेतेचा हात होता तिथेच राहिला.

आमच्या बेटावर माडावर चढलेल्या माणसाने गात राहायचं असतं. नीरेसाठी सकाळ-संध्याकाळ चढायचं, पोयीचं, म्हणजे माडाच्या न उमललेल्या फुलोऱ्याचं, टोक सुरीने कांद्याच्या पापुद्र्याएवढं छाटायचं, भरलेली बाटली सोडवायची, रिकामी अडकवायची, आणि हे सगळं गळा मोकळा सोडून. कारण खाली कुणी न्हात असतं, कुणी भांडत असतं, त्यांना कळायला हवं की डोक्यावर माणूस आहे. जो गात नाही तो एक तर चोरून बघतोय नाही तर पडलाय, असा आमचा सरळ हिशेब. पहिला आळ घ्यावा असं तोआकाईचं वय आता राहिलं नव्हतं. म्हणून आकेनेतेच्या मनात दुसरंच आलं आणि ती तशीच उठून माडाखाली धावली.

"काय झालं रे? गप्प का झालास?"

वरून जरा वेळाने आवाज आला. "काही नाही गं. शब्द विसरलो."

थाप मारताना माणसाने थोडी तरी अक्कल वापरावी. ते गाणं त्याचं स्वतःचं, लग्नाआधी रचलेलं, आणि ते होतं पलीकडच्या बेटावरच्या तेबोरा नावाच्या मुलीवर. तेबोराने पुढे एका आगबोटीवरच्या खलाशाशी लग्न केलं आणि ती निघून गेली, पण गाण्यात तिचे केस अजून वाऱ्यावर उडत होते. आकेनेतेने आपला सगळा संसार त्या केसांखाली केला होता. तोआकाई एक वेळ स्वतःचं नाव विसरला असता, तेबोराचे केस विसरणं शक्य नव्हतं.

तो खाली उतरला तेव्हा घामाने डबडबला होता आणि चेहरा उकडलेल्या माशासारखा पांढरा पडला होता. बाटल्या खाली ठेवताना हात थरथरले.

"चक्कर आली ना?"

"थोडीशी."

"कधीपासून येतेय?"

तोआकाई समुद्राकडे बघायला लागला. हा समुद्राकडे बघायला लागला की उत्तर मिळालं समजायचं, हे आकेनेतेला पक्कं ठाऊक होतं.

"म्हणजे साखर परत चढली," ती म्हणाली. "काल रात्री तू नीरफणसाचा तुकडा जास्तीचा खाल्लास. बघत होते मी."

"अगं, तुकडा कसला? साल होती ती."

"आज ती पण नाही मिळायची."

साखरेचं हे प्रकरण नवं होतं. दवाखान्यात नव्याने आलेली नर्स रोतिया हिने एका दुपारी गावच्या मनेआबात, म्हणजे आमच्या त्या भल्या थोरल्या बैठकीच्या छपराखाली, सगळ्या मोठ्या माणसांना बसवून एकेकाचं बोट टोचलं. तोआकाई हसत हसत बोट पुढे करून बसला होता. त्याला बरेच दिवस तहान तहान होत होती, लघवीला सारखं उठावं लागत होतं, पण त्याचा दोष तो खारवलेल्या माशाला देत असे. यंत्रावरचा आकडा बघून रोतिया मात्र हसली नाही. "काका, उद्या दवाखान्यात या," एवढंच म्हणाली. तिथे परत रक्त तपासलं आणि मधुमेह निघाला.

तोआकाईला मधुमेह म्हटल्यावर एकच गोष्ट दिसली, त्याच्या थोरल्या भावाचा पाय. तिआओनला पायाच्या अंगठ्याला शिंपला लागल्याचं निमित्त झालं. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंतचा पाय. गावात त्याच्यासारखा चढणारा नव्हता, आणि तो शेवटचं वर्षभर घराच्या माचीवर पडून आपल्याच माडांकडे बघत राहिला. शेवटी गेला तेव्हा लोक म्हणाले, सुटला. तोआकाईला ते 'सुटला' अजून टोचत होतं.

रोतियाने त्याला समोर बसवून नीट सांगितलं होतं. "भात निम्म्यावर आणा. चहात साखर नको. ते पिठाचे तळलेले गोळे बंद. नीरा, काकवीचं पाणी, बाटलीतलं गोड सरबत, सगळं बंद. मासे खा, पालेभाजी खा, नीरफणस बेताने खा. आणि ही गोळी सकाळी, काहीतरी खाऊन मगच घ्यायची. तुम्ही सकाळी काय खाता?"

"सकाळी मी काहीच खात नाही, सिस्टर. उठलो की माडावर, माडावरून उतरलो की होडीत. जेवतो ते एकदम दुपारी."

"मग आता खायला लागा. खाल्ल्याशिवाय गोळी नाही."

"असू दे, असू दे, सिस्टर. झालंच समजा," तोआकाई हात जोडून म्हणाला होता.

आता यात त्याचा तरी काय दोष? आमच्याकडे कुणाच्याही घरावरून जा, आतून हाक येते, 'या, जेवायला बसा.' घरात खापरी रिकामी असली तरी हाक येते. आणि जाणाऱ्याच्या पोटात कावळे ओरडत असले तरी तो म्हणतो, 'आत्ताच जेवून निघालो.' ही रीत आहे, तिचा कुणी शब्दशः अर्थ लावत नाही. जी बाई भात निम्मा करा म्हणते, तीच त्याच तोंडाने सकाळी आणखी एक जेवण वाढवा म्हणते, म्हणजे रीत म्हणूनच म्हणत असणार. पोरगी वळणाची आहे, एवढंच तोआकाईने त्यातून घेतलं.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर सगळा गाव मनेआबात जमला, तेव्हा तोआकाई आपल्या घराण्याच्या जागेवर उभा राहिला. "माझ्या भावाला तुम्ही सगळ्यांनी खांद्यावरून नेलं," तो म्हणाला. "मला न्यायची पाळी तुमच्यावर इतक्यात आणणार नाही. आजपासून भात नाही, तळलेलं नाही, आणि नीरेचा थेंब ओठांना लागू देणार नाही."

म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मनेआबात उभं राहून बोललेला शब्द मागे घेता येत नाही, तो घराण्याचा होतो. टाळ्या थांबल्यावर बाउरो मोठ्याने म्हणाला, "मांजराने मासे सोडले रे, मासे सोडले!" बाउरो म्हणजे तोआकाईचा शेजारी. दोघांचे माड लागून, दोघं बरोबरीने चढणारे आणि वरून एकमेकांची उणीदुणी काढणारे. सगळे हसले. आकेनेते हसली नाही. तिने ते सगळं मनात लिहून घेतलं होतं.

पहिले काही दिवस झकास गेले. तहान कमी झाली, झोप लागायला लागली. मग चक्कर सुरू झाली. संध्याकाळी कधी नाही, दुपारनंतर कधी नाही, नेमकी सकाळी, नेमकी शेवटच्या माडावर. हात कापायचे, अंगाला गार घाम फुटायचा, पोटात खड्डा पडल्यासारखं व्हायचं. चक्कर आली म्हणजे साखर चढली, असं नवराबायकोने परस्पर ठरवून टाकलं. मग रात्रीचं नीरफणस निम्मं झालं. तरी चक्कर आली. मग उरलेलं निम्मंही निम्मं झालं. आता रात्री त्याच्या पुढ्यात माशाचं पाणी आणि भोपळ्याचा पाला येत होता, आणि तो वाडग्यात असा बघायचा की जणू तळाशी भाताचं शीत लपलंय.

दवाखान्यात तो जात नव्हता. चक्कर आली की लगेच या, असं रोतियाने बजावलं होतं, पण गेलो तर ती आधी पायच बघेल याची त्याला भीती होती. तिआओनलाही आधी चक्करच यायची.

तर असं ते गाणं थांबण्यापर्यंत आलं होतं.

त्या संध्याकाळी आकेनेतेने विषय काढला. "उद्यापासून तुझे माड बाउरो चढेल."

"बाउरो? त्याची सुरी म्हणजे कुऱ्हाड आहे. माझ्या पोयी रुसतील."

"रुसू देत. पोयी रुसल्या तर मी समजूत काढीन. तू पडलास तर कुणाची काढू?"

"एक सकाळ," तोआकाई म्हणाला. "उद्याची एक सकाळ दे मला. काही झालं तर तू म्हणशील ते."

तो गयावया करतोय हे बघून तिलाच कसंतरी झालं. या माणसाने तिच्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं, मागायच्या आधीच घेऊन टाकायचा. "बरं," ती म्हणाली. "पण मी खाली बसणार. गाणं थांबलं की सुरी विहिरीत."

सकाळी उठून तोआकाईने रोजच्यासारखी विहिरीच्या पाण्याबरोबर गोळी घेतली, प्रार्थना म्हटली, सुरीला धार लावली आणि निघाला. एकेक माड उरकत गेला. आकेनेते एकेका माडाखाली जाऊन बसत होती. शेवटच्या माडाशी येईतो ऊन चांगलंच वर आलं होतं. शेजारच्या माडावर बाउरो होताच.

"काय रे तोआकाई, आज बायकोला पहाऱ्यावर आणलंस? तेबोरा येणार आहे की काय?"

"तुझ्या डुकराला विचार, त्याला जास्त माहीत असतं तुझ्यापेक्षा," तोआकाई म्हणाला आणि खाचांमध्ये पाय रोवत वर गेला. झापांच्या बेचक्यात बसला. गाणं सुरू झालं.

पहिल्या कडव्यात केस उडाले. दुसऱ्या कडव्यात तेबोरा होडीत बसली. आणि होडी किनाऱ्यापासून सुटायच्या आत तोआकाईचे ओठ बधिर झाले. वारा नसताना झाप हलायला लागले. सुरीची मूठ घामाने निसटत होती, ती त्याने कशीबशी झापाच्या बुडात खुपसली आणि दोन्ही हातांनी खोड धरलं. पलीकडच्या माडावर दोन बाउरो बसले होते. दोघंही त्याच्याकडेच बघत होते.

"तोआकाई," ते दोघं म्हणाले, या वेळी मस्करीने नाही. "खाली बघू नकोस. घट्ट धर. मी येतो." आणि बाउरो आपल्या माडावरून भराभर उतरायला लागला. पण उतरून पुन्हा इकडे चढायचं म्हणजे वेळ लागणार होता.

खाली आकेनेते उभी राहिली होती. वरून येणारा आवाज बारीक होत होत नाहीसा झाला. तिला फक्त दोन तळपाय दिसत होते, आणि ते थरथरत होते.

"गा!" ती ओरडली. "गा रे! त्या सटवीचं गा, तिच्या केसांचं गा, काय वाट्टेल ते गा, पण गा!"

तोआकाईने ते ऐकलं. गायला तोंड उघडलं तर आवाजच नाही. समोर, हाताच्या अंतरावर, रात्रभर भरत आलेली बाटली लटकत होती. तिचा वास आला आणि जन्मभराची सवय जागी झाली. इथेच, याच बेचक्यात बसून, बाटली खाली न्यायच्या आधी तो पहिला घोट घ्यायचा. आंबली तर नाही ना ते बघायला एक, आणि चांगली आहे म्हणून आणखी दोन. प्रत्येक माडावर. चढणारे सगळेच घेतात. मनेआबातल्या शब्दाने ते बंद झालं होतं.

शब्द शब्द आहे, त्याला वाटलं. पण इथून पडलो तर तो पाळायला उरणार कोण? आणि मरायचंच असेल तर निदान तोंड गोड करून मरावं.

त्याने बाटली पोयीवरून ओढून काढली आणि प्यायला. हनुवटीवरून, छातीवरून ओघळ गेले. श्वास घ्यायला थांबला, परत प्यायला. मग डोळे मिटून, खोडाला कवटाळून, मरणाची वाट बघत बसला.

मरण आलं नाही. वाट बघता बघता त्याच्या लक्षात आलं की आपल्याला घाम यायचा थांबलाय. ओठांना मुंग्या आल्या, मग त्या गेल्या. डोळे उघडले तर झाप आपापल्या जागी होते आणि समुद्र आडवा झाला होता, जसा असावा तसा. त्याने घसा साफ केला. होडी किनाऱ्यापासून सुटली. आवाज फाटका होता, पण होडी चालली होती.

खाली आकेनेतेने मटकन बसकण मारली आणि ती हमसून हमसून रडायला लागली. तेबोराच्या होडीचं इतकं कौतुक तिला कधी वाटलं नव्हतं.

बाउरो अर्ध्या माडावर पोचला होता. "मग? चढू की उतरू?"

"उतर."

"आधी नाही सांगायचंस? गुडघा फोडून घेतला की मी," बाउरो म्हणाला, पण त्याचा आवाजही ओला होता.

तोआकाई खाली आला. आकेनेतेने डोळे पुसले आणि पहिली नजर बाटलीवर टाकली. बाटली अर्धी होती.

"प्यायलास?"

"प्यायलो."

"मनेआबात उभं राहून शब्द दिलास, आणि—"

"हो. मरतोय असं वाटलं, म्हणून प्यायलो. आणि चक्कर गेली."

साखर चढल्यामुळे चक्कर आली, आणि वर आणखी साखर ओतल्यावर गेली, हे आकेनेतेला कुठल्याच बाजूने जुळवता येईना. "चल," ती उठून म्हणाली. "दवाखान्यात."

"ती पाय बघेल."

"बघू दे. कापला तर कापला, मी पाठुंगळीला घेऊन फिरेन तुला. पण माडाखालून तुला गोळा करायची वेळ माझ्यावर आणू नकोस."

रोतियाने आधी बोट टोचलं. मग सगळं ऐकून घेतलं, मध्ये न बोलता. आकेनेतेने सांगितलं, मग तोआकाईने तेच सांगितलं, मग बाउरोने गुडघा दाखवत दोघांनी गाळलेलं सांगितलं.

"चक्कर येते तेव्हा हात कापतात? गार घाम येतो? भूक लागते?"

"तिन्ही," तोआकाई म्हणाला.

"आणि चक्कर यायला लागल्यावर तुम्ही काय केलंत?"

"जेवण निम्मं केलं."

"मग?"

"तरी आली. मग निम्म्याचं निम्मं केलं."

रोतियाने कपाळाला हात लावला. "काका, तुमची साखर चढत नव्हती. पडत होती. ही गोळी साखर खाली आणते. पोटात काही असलं तर बेताने आणते. काहीच नसलं तर आणत आणत पार तळाला नेते. विहिरीत पाणी आहे की नाही ते न बघता उपसत राहिल्यासारखं. म्हणून म्हटलं होतं, खाऊनच गोळी घ्या."

"म्हटलं होतंत," तोआकाई खाली मान घालून म्हणाला. "मला वाटलं, रीत म्हणून म्हणताय."

रोतिया हसली, पण लगेच गंभीर झाली. "पण एक मला कळत नाही. सकाळी तुम्ही आधीही काही खात नव्हतात. तसंच जन्मभर चढलात, काही झालं नाही?"

"नाही."

"उठल्यापासून दुपारपर्यंत पोटात काहीसुद्धा नाही?"

"माडावरचे घोट तेवढे," बाउरो म्हणाला. "ते काय, सगळेच घेतो."

"कसले घोट?"

तिघांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही तिने समुद्र कुठे आहे असं विचारलं. रोतिया राजधानीत वाढलेली. तिथे नीरा बाटलीत भरून दारात येते, आणि दारात यायच्या आधी वर काय घडतं ते बाटली सांगत नाही. तोआकाईने तिला सांगितलं. प्रत्येक माडावर दोन-तीन घोट. लहानपणापासून. तिला सांगायचं राहिलं, कारण ते काही खाणं नव्हे. माडावर चढताना आपण श्वास घेतो हे कुणी दवाखान्यात सांगतं का?

"काका, ती तुमची न्याहारी होती," रोतिया हळूच म्हणाली. "भरपेट न्याहारी. मी नीरा बंद करा म्हटलं आणि तुमची न्याहारी काढून घेतली. वर गोळी दिली. चुकलं माझंही. विचारायला हवं होतं."

तोआकाईने घाबरत घाबरत पाय पुढे केला. "आणि हा?"

तिने पाऊल हातात घेऊन, बोटांच्या फटीतून, टाचेखालून नीट पाहिलं. "छान आहे पाय. रोज बघत जा, चीर पडली तर माझ्याकडे या. पण छान आहे."

तोआकाईने पाय परत घेतला, आणि तो आपलाच आहे ना याची खात्री केल्यासारखा जमिनीवर टेकवला. आकेनेतेने त्याच्या पाठीवर एक धपाटा घातला. त्या धपाट्यात इतक्या दिवसांची सगळी भीती होती, आणि ती दोघांच्याही अंगातून एकदमच उतरली.

रोतियाने त्याच दिवशी मोठ्या डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी गोळी निम्मी केली, आणि बोट टोचून आकडे ठीक दिसेपर्यंत माड नाही म्हणून सांगितलं. तेवढे दिवस तोआकाईचे माड बाउरो चढला. बाउरो गायचा ते त्याच्या डुकरावरचं गाणं, आणि त्याच्या सुरात ते डुकरालाही आवडलं नसतं. पोयी खरोखरच रुसल्या की नाही माहीत नाही, पण शेजारपाजारच्या बायका नक्की रुसल्या. तोआकाई बरा होण्यासाठी त्या आठवड्यात चर्चमध्ये जितक्या प्रार्थना झाल्या तितक्या पूर्वी झाल्या नव्हत्या.

रविवारी तो पुन्हा मनेआबात आपल्या जागेवर उभा राहिला. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. "शब्द मोडलाय मी," तो म्हणाला. "आणि सिस्टर म्हणते, वर असताना परत कधी हात कापले तर परत मोडायचा."

गावात सगळ्यात वयस्क रुआतू. दात नसलेलं तोंड त्याने बराच वेळ चघळलं. मग म्हणाला, "चक्कर आल्यावर माडावर प्यायलास तर औषध. चक्कर न येता प्यायलास तर चोरी. आणि खाली उतरून प्यायलास तर बायकोशी गाठ आहे." मनेआबा हसण्याने आणि टाळ्यांनी भरून गेला. सगळ्यात जास्त टाळ्या आकेनेतेने वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्याच्यापुढे पान ठेवलं. भाजलेला मासा, नीरफणसाचा एक तुकडा, बिनसाखरेचा चहा. तुकडा हाताच्या तळव्याएवढा होता.

"एवढा?" तोआकाईने विचारलं. त्याचा विश्वासच बसेना.

"गप खा. रीत म्हणून म्हणत नाहीये."

तो शेवटच्या काट्यापर्यंत जेवला. मग गोळी घेतली. मग सुरी कमरेला लावून निघाला. आकेनेते माडाखाली गेली नाही. माझा काही जीव टांगणीला लागलेला नाही असं दाखवत ती चुलीपाशीच बसली, पण भांडी घासताना ती इतक्या हळू घासत होती की वाळूचाही आवाज होत नव्हता.

एकेका माडावरून गाणं आलं. शेवटच्या माडावर तेबोराचे केस उडाले, तेबोरा होडीत बसली, आणि गाणं थांबलं.

आकेनेतेचा हात थांबला. शेजारच्या माडावर बाउरोही गप्प झाला. ती भांडं टाकून धावली. "तोआकाई!"

"थांब गं जरा," वरून आवाज आला. खणखणीत. "जुळवतोय."

मग पुन्हा तीच चाल सुरू झाली, पण होडीत तेबोरा नव्हती. शब्द नवे होते, अजून नीट घासलेले नव्हते, एक-दोन ठिकाणी अडखळत होते. माडाखाली एक बाई उभी आहे, असं ते गाणं म्हणत होतं. ती गा म्हणते. मरणाने एका माणसाचा पाय धरला होता, पण त्या माणसाला मरणापेक्षा तिची भीती जास्त, म्हणून तो पडला नाही.

पलीकडून बाउरोने जोरात शीळ घातली. आकेनेते भर उन्हात उभी राहून रडली. तिथे चुलीच्या धुराचं निमित्तही नव्हतं आणि तिला ते नकोही होतं. मग तिने नाक पुसलं आणि वर मान केली.

"आणि माझे केस कुठेयत त्यात?"

"पुढच्या कडव्यात!" तोआकाई ओरडला. "आधी बाटली तर बदलू दे!"

ती तिथेच माडाखाली मांडी घालून बसली, केस सोडले, आणि पुढच्या कडव्याची वाट बघायला लागली.